विहिरींचे पाणी व ओढ्यांचा प्रवाह : धार-देवास परिसराचा धडा

धार व देवास ही माळव्याच्या पठारावरील पवार घराण्याची जुनी संस्थाने होत. १९४८ मध्ये ती मध्य भारतात विलीन झाली व आज त्या नावाचे दोन्ही जिल्हे मध्य प्रदेशात मोडतात. मही नदी धार जिल्ह्यात, तर काली सिंध देवास जिल्ह्यात बागलीच्या परिसरात उगम पावते. क्षिप्राही देवास जिल्ह्यातून वाहत जाते. पावलोपावली पाणी असलेला मुलूख अशी माळव्याची पूर्वापार ख्याती होती. तरीही १९९० च्या उन्हाळ्यात देवास शहराला इंदूरहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. पुढे क्षिप्रेच्या कोरड्या पात्रात २०१४ पासून नर्मदेचे पाणी उपसून सोडण्यात येऊ लागले. विहिरींची टंचाई व नदीचे आटणे या दोन घटना वेगळ्या वाटतात; त्यांचे मूळ मात्र बऱ्याच अंशी एकच आहे.

साठा एकच, वाटेकरी अनेक

या भागातील बराचसा खडक महाराष्ट्रातल्यासारखाच काळा पाषाण आहे. घट्ट पाषाणात पाणी फारसे मुरत नाही. ते साठते वरच्या मुरमात, मांजऱ्या खडकात आणि भेगांमध्ये. त्यामुळे भूगर्भातील साठा मर्यादित असतो. पावसाळ्यात तो भरतो व त्याची पातळी ओढ्याच्या तळापेक्षा वर येते. मग ते पाणी उताराच्या दिशेने हळूहळू सरकत ओढ्यात पाझरते. पाऊस संपल्यावर मार्गशीर्ष-पौषात ओढ्याला जे पाणी दिसते, ते मुख्यतः या पाझराचेच होय.

विहिरी व कूपनलिका याच साठ्यातून पाणी घेतात. उपसा वाढून भूजलाची पातळी ओढ्याच्या तळाखाली गेली की पाझर थांबतो. उलट ओढ्यात उरलेले पाणीच जमिनीत जिरू लागते. प्रथम ओढा आटतो, नंतर घरगुती वापराच्या उथळ विहिरी व आड कोरडे पडतात आणि खोल कूपनलिका तेवढ्या काही काळ चालू राहतात. म्हणजे ज्या कुटुंबाची खोल खोदाई करण्याची ऐपत नाही, त्याच्या वाट्याला टंचाई सर्वांत आधी येते. ओढ्याचे आटणे ही या कुटुंबांसाठी पूर्वसूचनाच समजली पाहिजे.

पाण्याचा जमाखर्च

पाचशे हेक्टरांचे एक पाणलोट क्षेत्र उदाहरणादाखल घेऊ. तेथे ९०० मिलिमीटर पाऊस पडल्यास ४५ लाख घनमीटर पाणी मिळते. त्याचा दहावा भाग जमिनीत मुरला असे धरल्यास भूगर्भात ४.५ लाख घनमीटर पाणी जमा होईल. गावाची वस्ती एक हजार असून प्रत्येकी रोज ५५ लिटर पाणी लागले, तर घरगुती वापर वर्षाला सुमारे २० हजार घनमीटर, म्हणजे जमेच्या विसाव्या भागाहूनही कमी भरतो.

खरा खर्च सिंचनाचा असतो. हेक्टरी ४,००० घनमीटर पाणी धरल्यास शंभर हेक्टर ओलिताच्या गव्हाला ४ लाख घनमीटर पाणी लागेल. मग ओढ्यासाठी केवळ ३० हजार घनमीटर शिल्लक राहते. त्यापैकी पन्नास हेक्टरांत गव्हाऐवजी हेक्टरी १,००० घनमीटर पाण्यावर येणारा हरभरा घेतल्यास हीच शिल्लक १ लाख ८० हजार घनमीटरांवर जाते. प्रत्यक्ष आकडे गावागणिक निराळे असतील. हिशेबाची रीत मात्र हीच राहील.

माथ्यापासून पायथ्यापर्यंत

पाणलोट विकासाची कामे माथ्याकडून पायथ्याकडे करीत यावीत. डोंगरउतारावर गवत, झाडे व सलग समतल चर, शेतात बांधबंदिस्ती आणि शेवटी ओहोळावर दगडी बांध, असा हा क्रम आहे. देवास जिल्ह्यात २००६ मध्ये तत्कालीन जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या काळात भगीरथ कृषक अभियान सुरू झाले. शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीवर तळी खोदली व त्यांना ‘रेवासागर’ हे नाव मिळाले. वाहून जाणाऱ्या पावसाच्या पाण्यावर सिंचन झाल्यास कूपनलिकांवरील भार हलका होतो, हे या कामाचे मर्म आहे. तेच तळे कूपनलिकेच्या पाण्याने भरले, तर मूळ हेतू विफल होतो व बाष्पीभवनाचे नुकसान पदरी पडते. तसेच तळी व बांध यांची संख्या पाणलोट क्षेत्राच्या मानाने फार वाढल्यास खालच्या गावाचा ओढा कोरडा राहतो. म्हणून वरच्या व खालच्या गावांनी एकत्र बसून योजना आखणे इष्ट ठरते.

याच जिल्ह्यातील बागली तालुक्यात समाज प्रगती सहयोग ही संस्था १९९० पासून कार्य करीत आहे. तेथील नीलपुरा परिसरातील खडक व भूजल यांच्या अभ्यासात पुण्याच्या ॲक्वाडॅम संस्थेचा सहभाग होता. पाणी अडविण्याबरोबरच उपशाची वाटणी ठरविणेही आवश्यक असते, ही दृष्टी अशा कामांतून पुढे आली. मध्य प्रदेश पेयजल परिरक्षण अधिनियम, १९८६ अन्वये टंचाईग्रस्त क्षेत्र घोषित करून नव्या नलिकाविहिरींवर निर्बंध घालण्याची तरतूद आहे. परंतु या कायद्याचा रोख पिण्याच्या पाण्याकडे आहे. ओढ्याचा वाटा गावाने आपल्या नियोजनातच राखून ठेवला पाहिजे.

गावाने करावयाची कामे

गावातील काही ठराविक विहिरींची पाणीपातळी दरमहा मोजून ती चावडीवरील फलकावर लिहावी. ओढ्याचा प्रवाह मोजणे शाळेतील मुलांनाही शक्य आहे. ओढ्याचा दहा मीटरांचा सरळ भाग निवडून त्याची सरासरी रुंदी व खोली मोजावी. पाण्यावर लाकडाचा तुकडा सोडून तो अंतर किती सेकंदांत कापतो ते पाहावे. रुंदी, खोली व वेग यांच्या गुणाकारावरून प्रवाहाचा अंदाज येतो. मात्र पृष्ठभागावरील वेग अधिक असल्याने येणाऱ्या उत्तरातून सुमारे पाचवा भाग वजा करावा. शिक्षकांनी हा उपक्रम भूगोल व गणिताच्या पाठांना जोडावा.

पावसाळा संपताच ग्रामसभेपुढे या नोंदी मांडून प्रथम पिण्याचे पाणी व ओढ्याचा वाटा बाजूला काढावा आणि उरलेल्या पाण्यावर रब्बीची पिके ठरवावीत. महाराष्ट्रात हिवरे बाजार (जि. अहिल्यानगर) येथे असा ताळेबंद मांडून पीकनियोजन करण्यात येते. सिंचनासाठी कूपनलिका घेण्यावरही त्या गावाने बंदी घातली आहे. माळव्यातील असोत वा महाराष्ट्रातील, काळ्या पाषाणावरील गावांना हा मार्ग आपापल्या परिस्थितीनुसार अनुसरता येईल. ओढ्याला फाल्गुनापर्यंत पाणी टिकले, तर त्याच्या काठच्या विहिरीवर उन्हाळ्यात घागर भरण्याची आशा बाळगता येते.