बारशाच्या आधींची मोजदाद

आपल्या घरांत आज किती माणसें खोकत आहेत, हें सांगणें सोपें आहे. पण गेल्या चातुर्मासांत किती जणांस नव्यानें खोकला जडला, असें कोणी विचारलें, तर आठवावें लागेल. पहिल्या प्रश्नांत एका दिवसाचे रोगी मोजले जातात. दुसऱ्यांत ठराविक मुदतींत नव्यानें आजारी पडलेल्यांची संख्या मोजून, ज्यांस तो आजार होण्याचा संभव होता अशा एकंदर माणसांच्या संख्येनें तिला भागावें लागतें. या दुसऱ्या मोजणीचें मोल मोठें आहे. जो रोग झपाट्यानें प्राण घेतो, तो एका दिवसाच्या मोजणींत फारसा सांपडतच नाहीं. सोमवारीं आजारी पडून बुधवारीं दगावलेलें मूल गुरुवारच्या यादींत कोठून येणार?

१९८२ सालीं चंद्रपुरापासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग या दांपत्यानें ‘सर्च’ या संस्थेमार्फत हीच मोजणी हातीं घेतली. तेथील खेड्यांत बहुतेक बाळंतपणें घरींच होत. तान्ह्यांचे आजार दवाखान्याच्या वहींत क्वचितच उतरत. वही कोरी म्हणून मुलें निरोगी, असें मानणें सोयीचें होतें. या दांपत्यानें वहीच घरोघर नेली. ३९ गांवांतील थोड्या शिकलेल्या स्त्रियांना त्यांनीं बाळाचा श्वास मोजण्यास, ताप पाहण्यास व वजन करण्यास शिकविलें. १९९५-९६ या वर्षीं त्या जन्मापासून अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत वारंवार बाळंतिणीच्या घरीं जात आणि दिसेल तें लिहून ठेवीत.

या रीतीनें ७६३ बाळांची नोंद झाली. त्यांपैकीं जवळजवळ निम्म्यांस जिवावर बेतण्यासारखे आजार झाले. शेंकडा १७ बाळांस जंतुदोष झाला. शेंकडा ५४ बाळांस उपचारांची गरज होती, पण वैद्यकीय मदत मिळाली ती शेंकडा तिघांनाहि नाहीं. ४० बाळें दगावलीं. त्यांतील ३८ घरींच.

दुखणें कोठें आहे हें कळल्यावर उपायहि तेथेंच नेण्यांत आला. त्याच स्त्रिया बाळास ऊब देणें, स्तनपानास साह्य करणें आणि जंतुदोषावर औषध व इंजेक्शन देणें शिकल्या. शेजारच्या ४७ गांवांशीं तुलना करतां, तिसऱ्या वर्षीं या गांवांतील नवजातांचें मृत्युप्रमाण ६२ टक्क्यांनीं घटलें. १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. २०११ सालीं भारत सरकारनें आशा कार्यकर्त्यांमार्फत नवजातांची अशी गृहभेट देशभर सुरू केली.

आपल्याकडे बाराव्या दिवशीं बारसें होतें. नवजातांचे बहुतेक मृत्यु पहिल्याच आठवड्यांत घडतात; म्हणजे नांव मिळण्यापूर्वींच तीं मुलें जातात. घरांतील एखाद्या वृद्ध आजीला विचारून पाहावें, “तुम्हांला भावंडें किती?” ती आधीं जगलेल्यांचीं नांवें सांगेल, मग क्षणभर थांबून आणखी एक-दोन बोटें मोडील. त्या बोटांची नोंद कोठल्याहि वहींत नसते. गडचिरोलीच्या स्त्रियांनीं ती ठेवली, आणि म्हणूनच पुढचीं कित्येक मुलें बारशापर्यंत पोंचलीं.