सहा मिनिटांचा चित्रपट

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस, संग्रामपूर तालुक्यात वरवट बकाल हे गाव आहे. तेथील आठ-दहा मुलामुलींना एकत्र बसवून सहा मिनिटांचा चित्रपट करावयास शिकवायचे ठरले, तर आरंभ कोठून करावा? यंत्राची अडचण आता उरलेली नाही. चित्रण आणि जुळणी दोन्ही हातातल्या मोबाइलवर होतात. अडचण आहे ती आमच्या शिकविण्याच्या रीतीची. बहुधा मास्तर कथा लिहितात, एक हुशार मुलगा दिग्दर्शक होतो, एखाद्या मुलीला नटवून उभे केले जाते आणि बाकीची पोरे गर्दीत ढकलली जातात. शेवटी पडद्यावर व्यसनमुक्तीचा संदेश झळकतो. असा चित्रपट झाला काय अन् न झाला काय! फळ्यावरचा सुविचार निदान रोज बदलतो.

वास्तविक या कामाचा धडा आपल्या घरचाच आहे. १९१२ साली दादासाहेब फाळके इंग्लंडहून परतले, तेव्हा भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याची वाढ कित्येक दिवस चौकटीचौकटीने टिपली. पुढे १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला तो दादरच्या बिऱ्हाडात. फिल्मच्या कडांना छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे सरस्वतीबाई शिकल्या, शिवाय साऱ्या ताफ्याचा स्वयंपाक त्यांच्याच माथी होता. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. तारामतीसाठी स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके उभे राहिले. यांपैकी कोणीही ही विद्या शाळेत घेतलेली नव्हती. काम करता करता ती त्यांच्या अंगी आली. मात्र सरस्वतीबाईंचा वाटा लोकांना फार उशिरा उमगला, हेही वर्गात सांगावे. मुलींना आजही कॅमेऱ्यापुढची जागा सहज मिळते, मागची मिळत नाही. म्हणून कामे फिरती असावीत. आज जिने चित्रण केले, तिने उद्या ध्वनी सांभाळावा. आज ज्याने हुकूम सोडले, त्याने उद्या छत्री धरून उन्हात उभे राहावे.

विषय शोधण्यास गावाबाहेर जावे लागू नये. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा या भागातल्या मुलांच्या ओळखीचा आहे. पाणी कोण आणते, किती वेळा, भांड्याच्या तळाशी कसला पांढरा थर बसतो, हे आधी आठवडाभर नुसते पाहावे आणि वहीत लिहावे; कॅमेरा तोवर कपाटात असू द्यावा. मग खरी परीक्षा येते. एखादी मुलगी म्हणेल, आमच्या आजोबांचे मूत्रपिंड या पाण्यानेच गेले. या पट्ट्यातील मूत्रपिंडाच्या विकारांविषयी वर्षानुवर्षे लिहिले जात आहे. परंतु त्या एका घरात कारण पाणीच होते, हे कॅमेरा सिद्ध करू शकत नाही. आजोबा काय सोसतात ते तो दाखवील, आजी काय म्हणते ते ऐकवील. पाहिलेले कोणते, ऐकलेले कोणते आणि आपण मानलेले कोणते, यावर मुलांचे कडाक्याचे भांडण व्हावे. जुळणीच्या वेळी ते होतेच, कारण तासाभराच्या चित्रणातून सहा मिनिटे ठेवायची असतात आणि प्रत्येकाला आपलेच दृश्य लाडके असते. मास्तरांनी निवाडा करण्याची घाई करू नये. येथे मौन पाळणे शिक्षकाला फार जड जाते, हे मी अनुभवाने सांगतो.

आणखी एक गोष्ट. कॅनडातील न्यूफाउंडलंडजवळच्या फोगो बेटावर १९६७ साली तेथल्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाने कोळ्यांच्या जीवनावर छोटे छोटे चित्रपट केले. ज्यांची चित्रे घेतली त्यांना ती आधी दाखविली गेली आणि नको असलेला भाग गाळण्याचा अधिकार त्यांना दिला गेला. मग एका वस्तीचे चित्रपट दुसऱ्या वस्तीत दाखविले, तेव्हा आपली दुखणी एकच आहेत हे त्या लोकांना कळले.

आपल्या मुलांनीही हीच रीत धरावी. शाळेच्या पटांगणात पडदा लावण्यापूर्वी, बक्षिसासाठी चित्रपट कोठे धाडण्यापूर्वी, त्या आजोबांच्या ओसरीवर बसून तो त्यांना दाखवावा. आजारपणाने वाकलेला माणूस साऱ्या गावाने पाहावा, हे त्यांना रुचेलच असे नाही. ते ‘हे नको’ म्हणाले, तर तो तुकडा काढावा लागेल, आणि नेमका तोच सर्वांत चांगला साधलेला असण्याचा संभव फार.