चालीवर मोजलेली चाल

अंतराच्या सूत्रात काळाचा वर्ग का येतो? नववीत असताना पडलेल्या या प्रश्नावर फळ्यावरची सिद्धता मिळाली, ती पाठही झाली. पण तो वर्ग पहिल्यांदा कुणाला, कशात दिसला असेल, हे कुतूहल पुढे कित्येक वर्षं टिकलं. त्याचा माग काढता काढता एका कागदाच्या छायाचित्रापाशी येऊन थांबलो.

फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात गॅलिलिओच्या गतिविषयक टिपणांचं ७२ क्रमांकाचं बाड आहे. त्यातल्या १०७व्या पानाच्या पाठीवर आठ आकडे एकाखाली एक आहेत : ३३, १३०, २९८, ५२६, ८२४, ११९२, १६२०, २१०४. आन्तोनिओ फावारो यांनी गॅलिलिओचं समग्र वाङ्मय २० खंडांत छापलं, पण नुसत्या आकड्यांची अशी पानं त्यातून वगळली. १९७२मध्ये ती विज्ञानाचे इतिहासकार स्टिलमन ड्रेक यांच्या नजरेस पडली. ड्रेक यांची उमेदीची वर्षं वित्त सल्लागार म्हणून गेलेली. टोरांटोत ते प्राध्यापक झाले १९६७मध्ये.

या आकड्यांचं मोल कळायला आधीचा वाद माहीत हवा. १६३८च्या ग्रंथात गॅलिलिओनं उतरत्या फळीचा प्रयोग सांगितला आहे : खोबणीतून घरंगळणारा कांस्याचा गोळा आणि वेळ मोजायला भांड्यातून गळणारं पाणी. अलेक्झांडर कॉयरे या मोठ्या इतिहासकाराला हे पटेना. इतक्या ओबडधोबड साधनांनी नियम सापडणंच शक्य नाही, असं त्यांनी १९५३मध्ये मांडलं. त्यावर १९६१मध्ये थॉमस सेटल या संशोधक विद्यार्थ्यानं लाकडी फळी, बिलियर्डचा चेंडू आणि फुलझाडाची कुंडी घेऊन तो प्रयोग करून दाखवला. आकडे नीट जुळले. सेटलनं कॉयरे यांना शब्दांनी नव्हे, फळीनं उत्तर दिलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

प्रयोग शक्य होता, एवढं यातून ठरलं. तो झाला होता, हे १०७व्या पानावरून दिसतं, असं ड्रेक म्हणाले. त्यांच्या मते हे आकडे म्हणजे सारख्या काळाच्या प्रत्येक टप्प्याअखेर गोळ्यानं कापलेलं एकूण अंतर. त्यांचं एकक मिलिमीटरहून जरासं कमी, म्हणजे गोळ्याची सगळी धाव दोन मीटरांची. म्हणजे एकेक टप्पा जेमतेम अर्ध्या सेकंदाचा. मग एवढा काळ मोजला कसा? गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो ल्यूटवादक होते. वाद्याच्या दांडीवर बांधतात तसे तातीचे पडदे फळीवर बांधायचे, ठेक्यात गाणं म्हणायचं आणि गोळा पडद्यावरून जाताना होणारा ‘टक्’ मात्रेवर येईपर्यंत पडदे सरकवत राहायचे, असा ड्रेक यांचा कयास. तो सगळ्याच इतिहासकारांना मान्य नाही. मला मात्र पटतो. चाल म्हणजे गतीही आणि गाण्याचा साजही, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

आता वही घ्या आणि शेजारशेजारचे आकडे वजा करा. ३३, ९७, १६८, २२८, २९८, ३६८, ४२८, ४८४. प्रत्येक मात्रेला गोळा आधीपेक्षा लांब जातो. या वजाबाक्यांची पुन्हा वजाबाकी केली, की ६४, ७१, ६०, ७०, ७०, ६०, ५६. सगळे पासष्टच्या आगेमागे. अंतर वाढतं, वाढही वाढते. पण वाढीतली वाढ जवळपास तेवढीच राहते. हेच त्वरण. उतार तोच, म्हणून गोळ्याला खाली ओढणारं बल तेच. बल तेच, म्हणून त्वरणही तेच. हा धागा न्यूटननं १६८७मध्ये पक्का केला.

गॅलिलिओलाही हे सहजी उलगडलं नाही. ऑक्टोबर १६०४मध्ये मित्र पाओलो सार्पी यांना लिहिलेल्या पत्रात त्याचा वर्गाचा नियम बरोबर आहे, पण त्याखालचं तत्त्व चुकीचं : वेग हा कापलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो. वेग काळाच्या प्रमाणात वाढतो, हे त्याला नंतर उमगलं. तेरा-चौदा वर्षांचं मूल याच जागी अडखळलं तर त्याला ‘ढ’ म्हणू नये.

त्या पानावर आकड्यांच्या शेजारी १, ४, ९, १६ असे ६४पर्यंतचे वर्ग आहेत. ते वेगळ्या शाईत, मागाहून लिहिलेले आहेत, असं ड्रेक यांनी नोंदवलं. आधी मोजमाप, मग नियम. आपण फळ्यावर नेमका हा क्रम उलटा करतो. एक पन्हळ, एक गोटी, ठेका धरायला चार मुलं, एवढं वर्गात सहज जमेल. वर्ग लिहायची शाई त्यांनाच नंतर उचलू द्यावी.