डेसिअसचे अकरा स्वर्गवासी सम्राट

इ.स. २४९मध्ये डेसिअस रोमचा सम्राट झाला, तेव्हा साम्राज्याची घडी पार विस्कटली होती. गॉथ टोळ्या डॅन्यूब ओलांडून आत घुसत होत्या. कुठला सेनापती कधी स्वतःला सम्राट म्हणवून घेईल याचा नेम नव्हता. खुद्द डेसिअसही असाच, सैन्याच्या जोरावर गादीवर आलेला. अशा धामधुमीत त्याच्या टांकसाळीने एक विलक्षण मालिका पाडली. रुपेरी नाण्यांवर अकरा चेहरे, सगळे दिवंगत सम्राटांचे! त्यातल्या ऑगस्टसला जाऊन तर सव्वादोनशेहून अधिक वर्षं लोटली होती.

नाणं साधारण आपल्या दोन रुपयांच्या नाण्याएवढं. एका बाजूला किरणांचा मुकुट घातलेला सम्राट, भोवती देव म्हणून त्याचं नाव. दुसऱ्या बाजूला पंख उघडलेला गरुड, नाहीतर ज्वाळा उठलेली वेदी. हा गरुड नुसती नक्षी नव्हे. सम्राटाची चिता पेटली की तिच्या माथ्यावरून खराखुरा गरुड सोडत. तो आत्म्याला स्वर्गात नेतो, अशी श्रद्धा होती.

मी मात्र अडकतो त्या यादीत. ऑगस्टस, व्हेस्पेशिअन, टायटस, नर्व्हा, ट्रेजन, हेड्रिअन, अँटोनायनस पायस, मार्कस ऑरेलिअस, सेप्टिमिअस सेव्हेरस, अलेक्झांडर सेव्हेरस... आणि यांच्या पंगतीला कमोडस! १९२मध्ये त्याचा खून झाला, तेव्हा सिनेटने त्याचं नाव पुसायला, पुतळे पाडायला लावले होते. पुढे सेप्टिमिअस सेव्हेरसने स्वतःला मार्कस ऑरेलिअसचा मुलगा म्हणवून घेतलं. मग कमोडस ओघानेच भाऊ ठरला, आणि भावाला त्याने देव करून टाकलं. उलट ५४मध्ये रीतसर देवत्व मिळालेला क्लॉडिअस इथे नाहीच.

याच डेसिअसने साम्राज्यातल्या सर्वांनी देवांना बळी अर्पण करावा, असं फर्मान काढलं. ‘माझ्यासमक्ष अर्पण केलं’ अशा साक्षीचे २५०मधले पपायरसचे दाखले इजिप्तच्या वाळूत सापडले आहेत. जुने देव, जुने सम्राट यांच्या आधाराने राज्य सावरायचं, हा त्याचा ध्यास मला या नाण्यांतही स्पष्ट दिसतो.

चांदी मात्र आटत चालली होती. या नाण्याची किंमत दोन दिनारिअस मानली जाई, पण त्यात निम्मीही चांदी नसे. डेसिअसच्या टांकसाळीत तर सेव्हेरस घराण्याचे जुने दिनारिअस न वितळवताच त्यांच्यावर नवा ठसा मारत. एकाचे दोन झाले! घाव हलका पडला असेल, तिथे नव्या चेहऱ्याखालून जुन्या नावाची अक्षरं अजून वाचता येतात.