तुटक रेषेची वाट

गावनकाशावर गाडीवाट दोन तुटक रेषांनी दाखवलेली असते आणि पायवाट एका. त्या एकेरी रेषेची रुंदी महसुली हिशेबात ८.२५ फूट धरतात, गाडीवाटेची १६.५ ते २१ फूट. आकडे चमत्कारिक वाटतात, पण जुनी मोजणीची साखळी डोळ्यांपुढे आणली की उलगडतात. साखळी ३३ फुटांची आणि तिचे आणे सोळा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा म्हणजे गुंठा. या मापाने पायवाट चार आण्यांची, गाडीवाट आठ आणे किंवा थोडी जास्त.

प्रत्यक्ष शिवारात मात्र सव्वाआठ फुटांची पायवाट शोधूनच काढावी लागते. एका बाजूचा शेतकरी यंदा नांगराचे एक तास वाटेत सरकवतो, दुसऱ्या बाजूचा पुढच्या वर्षी तेच करतो. मोठे भांडण होत नाही, कारण एका वर्षात गेलेली जमीन वीतभर असते. पण दहा-पंधरा वर्षांनी समोरून डोक्यावर भारा घेतलेली बाई आली की दुसऱ्याला पिकात पाय टाकून उभे राहावे लागते, आणि मग पीक तुडवल्यावरून भांडण सुरू होते. वाट बुजण्याची दुसरी तऱ्हा अगदी उलटी. गावाला डांबरी रस्ता होतो, एसटी किंवा वडाप दारात येते, जुन्या वाटेने कोणी जात नाही आणि दोन पावसाळ्यांत घाणेरी ती गिळून टाकते.

या वाटांना जागोजाग वेगळी नावे आहेत आणि त्या नावांत त्यांचे काम दडलेले आहे. शिवरस्ता दोन गावांच्या शिवेवरून जातो. पाणंद म्हणजे दोन्ही बाजूंना बांध किंवा कुंपण असलेली, गावठाणातून शेतांकडे जाणारी चिंचोळी वाट. देशावर तिच्या कडेला निवडुंग किंवा घायपात असायचा. ढोरवाट गायरानाकडे जाते. घाटवाट सह्याद्रीची भिंत चढून कोकण आणि देश जोडते. कोकणातली पाखाडी या सगळ्यांत देखणी: जांभ्याच्या दगडांची, उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी, दोन्ही अंगांना गडगा आणि ओहोळावर साकव. साकव पूर्वी सुपारीच्या खोडांचा किंवा बांबूंचा असे आणि दर पावसाळ्याआधी नव्याने बांधावा लागे. आता तो सिमेंटचा झाला तरी सरकारी कागदातही त्याला साकवच म्हणतात.

कागदावर नोंद असली म्हणजे वाट शाबूत राहील असे नाही, पण नोंद नसली तर ती राखणे फार अवघड जाते. मराठीत जमिनीच्या वापराला वहिवाट म्हणतात, आणि वाटेचा हक्क पुष्कळदा या वहिवाटीवरच उभा असतो. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या १५ व्या कलमाप्रमाणे दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्याचा वापर हक्क म्हणून, उघडपणे आणि खंड न पडता २० वर्षे चालला तर तो हक्क पक्का होतो. अशा वापराचा पुरावा देणारे म्हातारे एकेक करून कमी होत जातात, ही त्यातली अडचण.

रोजच्या तंट्यांसाठी दोन कलमे तहसील कार्यालयात सगळ्यांच्या तोंडी असतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४३ ज्याच्या शेताला जायला वाटच नाही त्याच्यासाठी आहे. तहसीलदार चौकशी करून इतरांच्या सर्व्हे नंबरच्या हद्दीवरून, म्हणजे बांधावरून, त्याला रस्ता देऊ शकतो. निर्णय मान्य नसेल त्याने एका वर्षात दिवाणी न्यायालयात जायचे. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चे कलम ५ असलेली वाट कोणी अडवली तर लागू होते. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत दावा दाखल करावा लागतो, आणि गाडे अडते ते इथेच. वाट अडवणारा बहुधा भावकीतलाच असतो. जूनमध्ये त्याने वाटेवर नांगर फिरवलेला असतो. पेरणीच्या घाईत कोण भांडणार, म्हणून माणूस गप्प बसतो. सुगी उरकू दे, म्हणतो. मग दिवाळी येते, मग लग्नसराई, आणि तहसीलची पायरी चढेपर्यंत मुदत टळून गेलेली असते.

दोन्ही कलमांचा रोख शेती कसणाऱ्याच्या सोयीवर आहे आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने ते रास्तही आहे. पण शाळेत जाणारी मुले, विहिरीवर जाणाऱ्या बाया, मेंढरे घेऊन निघालेला धनगर किंवा नुसता चालायला आलेला माणूस यांच्यासाठी तहसीलदाराकडे असे सोपे दार नाही. त्यांनी ग्रामपंचायतीकडे जायचे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या ५३ व्या कलमाने सार्वजनिक रस्ते आणि मोकळ्या जागांवरचे अतिक्रमण काढण्याचा अधिकार पंचायतीला दिला आहे. तो वापरायचा म्हणजे सरपंचाने आपल्याच मतदाराचे कुंपण उचकटायचे. महसूल संहितेत वाजिब-उल-अर्ज नावाच्या दप्तराचीही तरतूद आहे. गावातले वाटेचे, पाण्याचे, मासेमारीचे रूढ हक्क त्यात लिहून ठेवायचे असतात. वाटा सांभाळू पाहणाऱ्या गावाने सगळ्यांत आधी हे दप्तर आणि गावनकाशाची प्रत मागून घ्यावी, आणि नकाशा हातात घेऊन शिवार एकदा चालून यावे.

सरकारी योजनांचा कल वाट रुंद करण्याकडे आहे. २०२१ च्या मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेत रोजगार हमीची सांगड घालून पाणंदींवर मुरूम आणि खडी टाकण्याचे ठरले. २०२५ मध्ये महसूल विभागाने शेतरस्ते शक्यतो तीन ते चार मीटर रुंद ठेवावेत आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात घ्यावी, असे आदेश काढले. नोंदीचा भाग मोलाचा आहे. ट्रॅक्टर आणि उसाची गाडी शेतापर्यंत पोचायला हवी, यातही वाद नाही. फक्त या हिशेबात पायवाट ही अजून न झालेला रस्ता ठरते. ज्या वाटेवर कधी ट्रॅक्टर जाणारच नाही तिला निधीचे शीर्षक सापडत नाही.

इंग्लंड आणि वेल्सने नेमका उलटा मार्ग धरला. १९४९ च्या कायद्याने तिथल्या कौंटी परिषदांना सार्वजनिक वाटांचे निर्णायक नकाशे करायला लावले. गावोगावच्या परिषदांनी वाटा चालून याद्या दिल्या, आणि नकाशावर एकदा चढलेली वाट कायद्याच्या दृष्टीने निर्विवाद पुरावा झाली. आज अशा वाटांचे जाळे सव्वादोन लाख किलोमीटरांच्या आसपास आहे. त्यातल्या बहुतेक वाटा खासगी शेतांतून जातात. मालक शेतामधून गेलेली पायवाट नांगरू शकतो, पण पेरणीसाठी पहिल्यांदा नांगरल्यावर १४ दिवसांत आणि त्याच हंगामात पुन्हा माती उकरली तर २४ तासांत त्याने किमान एक मीटर रुंदीची वाट मोकळी करून द्यायची असते. हा एक मीटर फार बोलका आहे. चालणाऱ्याला तेवढा पुरतो आणि शेतकऱ्याच्या पोटावर पाय येत नाही. फाट्यावर पिवळा बाण दिसला की वाट फक्त पायी चालण्याची आणि निळा असेल तर घोडा व सायकललाही मोकळी, हे तिथे शाळेतल्या मुलालाही कळते.

सह्याद्रीत बाण पुष्कळ आहेत, शिस्त नाही. ट्रेकर मंडळींनी ऑइलपेंटने दगडांवर रंगवलेले बाण किल्ल्यांच्या वाटांवर जागोजाग दिसतात, आणि एका फाट्यावर दोन गटांचे दोन बाण दोन दिशांना असेही आढळते. जुलैच्या धुक्यात दहा पावलांवरचे दिसत नसताना हे जिवावर बेतू शकते. बाण नेमका फाट्यावर हवा, आणि फाटा सोडल्यावर वीस-तीस पावलांत दुसरी खूण हवी, म्हणजे माणूस निर्धास्त होतो. सरळ वाटेवर दर दगड रंगवून काही साधत नाही. पाटीवर किलोमीटरपेक्षा वेळ लिहिणे उपयोगी. डोंगरात तीन किलोमीटर म्हणजे एक तास की तीन, हे चढ ठरवतो. शेवटचे पिण्याचे पाणी कुठे, हे लिहिलेले असावे. कड्यावर आग्या मोहोळ असेल तर धूर, अत्तर आणि आरडाओरडा यांबद्दल बजावणारी पाटी कड्याच्या बऱ्याच अलीकडे लावायला हवी, मोहोळाखाली नव्हे.

वाटेचा खरा वैरी पाणी. उतारावरून सरळ खाली येणारी पायवाट पहिल्या दोन-तीन पावसांतच ओहोळ होते. माती जाते, दगड उघडे पडतात, चालणारे कडेच्या गवतातून चालू लागतात आणि वाटेशेजारी दुसरी वाट पडते. यावरचा उपाय जुना आणि स्वस्त आहे. ठरावीक अंतरावर वाटेत तिरके दगड रोवायचे किंवा उथळ चर खणायचा, म्हणजे पाणी वाटेवर न धावता उताराच्या बाजूला निघून जाते. चर जूनआधी साफ करायचा. एका पावसाळ्यात तो मातीने भरतो. नागमोडी वळणांची वाट ज्यांनी पाडली त्यांना हे ठाऊक होते. वळण टाळून मधूनच उतरणारे हौशी लोक मात्र प्रत्येक वळणावर नवी घळ पाडतात. तिथे करवंदीचे काटे रचून ठेवले की पाटीपेक्षा जास्त काम होते.

गवताचे वेळापत्रक वेगळे. श्रावण-भाद्रपदात ते कमरेच्या वर जाते आणि वाटेवरचा साप दिसत नाही, म्हणून निदान शाळेची वाट ऑगस्टमध्ये एकदा बेणावी लागते. कोकणात शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. पालखी खांद्यावर घेऊन नाचणाऱ्यांना जागा हवी, म्हणून वाड्यावाड्यांच्या पाखाड्या त्याआधी झाडून-तासून मोकळ्या होतात. कुठल्याही योजनेशिवाय दरवर्षी वेळेवर होणारी वाटांची ही देखभाल अभ्यासण्याजोगी आहे. कामाला ठरलेली तारीख आहे, ते न केल्यास सगळ्या वाडीसमोर मान खाली जाते, आणि काम झाल्यावर घरी देव येतो.

वनहद्दीतल्या वाटेला वन विभागाची परवानगी लागते. पायरी खोदणे किंवा फांदी तोडणेही परस्पर करता येत नाही. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) प्रमाणे ग्रामसभेची शिफारस असल्यास रस्त्यासारख्या गावाच्या सुविधांसाठी दर वेळी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन मिळू शकते, पण त्यासाठी हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडता येत नाहीत. किल्ल्यांच्या वाटांवर बहुधा गावची संयुक्त वन व्यवस्थापन समिती गाव आणि वन विभाग यांच्यातला दुवा असते.

चालणारे बाहेरून यावेत असे वाटत असेल तर वाटेला गोष्ट लागते. पन्हाळा ते पावनखिंड या वाटेवर दर जुलैत भर पावसात हजारो लोक चालतात ते १६६० मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटले त्या रात्रीसाठी. चिखल, जळवा आणि ओढे त्यांना परतवत नाहीत. मात्र ही वाट भातखाचरांच्या बांधांवरूनही जाते, आणि एवढ्या पायांनी बांध फुटला तर खाचरातले पाणी निघून जाते. ऐन लावणीच्या दिवसांत त्याचा अर्थ काय, हे शहरातून आलेल्याला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. गावचा वाटाड्या सोबत घेण्याचा नियम म्हणूनच केवळ रोजगाराचा नाही. तो वाट दाखवतो तशी कुठे पाय टाकायचा नाही हेही दाखवतो. जुलै २०२५ मध्ये राजगड, साल्हेर, लोहगड यांच्यासह महाराष्ट्रातले ११ किल्ले आणि तमिळनाडूतला जिंजी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा या वाटांवरची गर्दी घटण्याची आशा नको. कास पठाराने फुलांच्या हंगामात रोजची संख्या ३,००० वर बांधून आगाऊ नोंदणी सुरू केली; पायथ्याच्या गावाला पावसाळी शनिवार-रविवारपुरता असा आकडा ठरवता येतो.

पैशांचा प्रश्न या सगळ्यांइतकाच जुना आहे. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर दगडात कोरलेला मोठा रांजण आहे. सातवाहनांच्या काळात व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात त्यात जमा होई, असे परंपरा सांगते. त्याच घाटात खडक फोडून काढलेली वाट आणि पायऱ्या आजही वापरात आहेत. आजचा रांजण म्हणजे पायथ्याच्या गावातले पार्किंगचे पावती-पुस्तक. वीस-पन्नास रुपये देताना कुरकुर होते ती रकमेसाठी नव्हे, पावती मिळत नाही म्हणून. ज्या गावात पावतीवर समितीचे नाव असते, जमाखर्च ग्रामसभेत वाचला जातो आणि त्यातून मे महिन्यात चर खणणाऱ्यांची मजुरी निघते, तिथे पैसे मागणाऱ्याला आवाज चढवावा लागत नाही.