तेरातून नऊ गेले तर

टोकियो, ऑक्टोबर

मे-जूनमध्ये एकदा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुन्हा, इथल्या शाळांच्या फाटकातून सकाळी सकाळी काळे सूट आत जाताना दिसतात. नोकरीच्या मुलाखतींना घालतात तोच सूट, आणि चेहऱ्यावर धास्तीही तीच. हे जपानचे छात्राध्यापक. विद्यापीठाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्यांना खऱ्या वर्गात पाठवतात. ते केल्याशिवाय शिक्षकाचा परवाना मिळत नाही.

मुदत ऐकून आपल्याकडचे बी.एड.चे विद्यार्थी हसतील. प्राथमिकसाठी तीन-चार आठवडे, नुसत्या उच्च माध्यमिकसाठी दोन. आपल्याकडे २०१४च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि आंतरवासिता किमान २० आठवड्यांची. कागदावर आपण कितीतरी पुढे आहोत. मग एवढ्याशा दिवसांत ही मुलं शिकतात तरी काय?

ओळखीच्या एका छात्राध्यापिकेने मला तिचं पाठ टाचण दाखवलं. इयत्ता पहिली, विषय गणित, तास ४५ मिनिटांचा आणि उदाहरण एकच : १३ वजा ९. अख्ख्या तासाला एक उदाहरण! टाचणातले बरेचसे रकाने ओळखीचे होते, पण सगळ्यात रुंद रकाना होता मुलं काय काय उत्तरं देतील याचा. कोणी बारा, अकरा, दहा असं बोटांवर मागे मोजत येईल. कोणी तेराचे दहा आणि तीन करेल, दहातून नऊ काढेल आणि उरलेल्या एकात तीन मिळवेल. कोणी आधी तीन काढून दहावर येईल, मग आणखी सहा काढेल. आणि एखादा, तीनातून नऊ जात नाहीत म्हणून सरळ नवातून तीन काढून सहा सांगेल. प्रत्येक उत्तरासमोर, ते आलं तर आपण काय विचारायचं, हेही लिहिलेलं.

नऊ हा आकडाही सहज घेतलेला नाही. तो दहाच्या शेजारचा; म्हणून दहातून काढण्याची युक्ती मुलाला आपणहून सुचण्याची शक्यता जास्त. सुरुवातीला कोणते आकडे द्यायचे यावर इथे पाठ्यपुस्तकवाले आणि शिक्षक गंभीरपणे वाद घालतात. मला आधी हा काथ्याकूट वाटला होता. आता वाटत नाही.

मार्गदर्शक शिक्षकाने ते टाचण लाल शाईने भरून परत दिलं होतं. त्यातला एक शेरा माझ्या लक्षात राहिला : सहा म्हणणाऱ्या मुलाला ठोकळे मांडायला सांग, चुकलं असं म्हणू नकोस. वर्गात छात्राध्यापिकेच्या हातात मुलांच्या बसण्याचा तक्ता असतो. मुलं सोडवत असताना ती बाकांमधून फिरते, कोणी कोणती रीत वापरली ते तक्त्यावर टिपते आणि फळ्यावर कोणाला कोणत्या क्रमाने बोलवायचं ते ठरवते. बोटांवर मोजणारा आधी, दहा फोडणारी नंतर. हुशार मुलीला पहिल्यांदा उठवलं, की बाकीच्यांचा विचार तिथेच थांबतो.

फळा हे तर वेगळंच प्रकरण. डावीकडून सुरू करून तासाच्या शेवटी उजव्या टोकाला पोहोचायचं आणि मधलं काही पुसायचं नाही. कुठे काय येणार याचा आराखडा आदल्या रात्री कागदावर तयार. तास संपला की फळ्यावर तासाची अख्खी वाटचाल दिसते, चुकीच्या उत्तरासकट. खडू-फळ्याने सगळ्या वर्गाला एकदम शिकवण्याची ही पद्धत जपानची मूळची नव्हे. १८७२ साली टोकियोत अध्यापक विद्यालय निघालं, तिथे मॅरियन स्कॉट या अमेरिकन शिक्षकाने ती आणली. पुढच्याच वर्षी विद्यालयाला सरावासाठी प्राथमिक शाळा जोडली गेली. आज ती त्सुकुबा विद्यापीठाकडे आहे आणि तिथले तास पाहायला देशभरातून शिक्षक येतात.

शेवटच्या आठवड्यात परीक्षेचा पाठ. मुख्याध्यापक, इतर शिक्षक आणि जमल्यास विद्यापीठातले प्राध्यापकही वर्गात येतात. आपल्याकडे निरीक्षक मागच्या बाकावर बसून छात्राध्यापकाचा आवाज, आत्मविश्वास, साहित्य यांना गुण देतात. इथले पाहुणे मुलांच्या वह्यांत डोकावत फिरतात, आणि शाळा सुटल्यावरच्या चर्चेत विचारतात, खिडकीजवळच्या मुलाने खोडून पुन्हा लिहिलं ते तुम्ही पाहिलंत का? वीस वर्षं नोकरी झालेले शिक्षकही एकमेकांच्या वर्गात हेच करतात. स्टिगलर आणि हिबर्ट यांच्या १९९९च्या 'द टीचिंग गॅप' या पुस्तकाने अमेरिकेला या प्रथेची ओळख करून दिली.

पण छात्राध्यापक नुसता तास पाहत नाही, शिक्षकाचा दिवसही पाहतो. दुपारचं जेवण मुलांबरोबर वर्गातच, मग त्यांच्यासोबत झाडलोट, संध्याकाळी नोंदवही, रात्री उद्याचं टाचण. (प्राथमिक आणि कनिष्ठ माध्यमिकच्या परवान्यासाठी याखेरीज सात दिवस वृद्धाश्रमासारख्या सेवासंस्थांत आणि विशेष शाळांत काढावे लागतात. हा कायदा १९९७चा, त्यामागे माजी पंतप्रधान तानाका यांच्या कन्या माकिको तानाका होत्या. मला तो आवडतो, विद्यार्थ्यांना फारसा नाही.) २०१८च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत कनिष्ठ माध्यमिकचा जपानी शिक्षक आठवड्याला ५६ तास राबताना आढळला, सहभागी देशांत सगळ्यात जास्त. जादा कामाचा भत्ता नाही. १९७१च्या कायद्याने सरकारी शाळांतल्या शिक्षकांना त्याऐवजी पगाराच्या ४ टक्के मिळू लागले. २०२५मध्ये कायदा बदलला, आता हा आकडा टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर जाईल.

साहजिकच काही जण परवाना घेतात आणि कंपनीत जातात. शिक्षण मंत्रालयाने २०२१मध्ये समाजमाध्यमांवर शिक्षकांना आपल्या पेशाचा आनंद सांगायचं आवाहन केलं, तर शिक्षकांनी आपले हालच तपशीलवार लिहून काढले. मग भरतीपरीक्षा लवकर घ्यायचं ठरलं. पूर्वी ती जुलैच्या आसपास व्हायची, तोवर कंपन्या मुलं उचलून मोकळ्या. मंत्रालयाने २०२४साठी १६ जून आणि २०२५साठी ११ मे ही तारीख सुचवली. तो नेमका आंतरवासितेचा हंगाम. म्हणजे ज्याला शिक्षकच व्हायचंय, त्याने रात्री १३ वजा ९चं टाचण लिहायचं की भरतीपरीक्षेचा अभ्यास करायचा? माझ्या ओळखीच्या मुलीने शरद ऋतूतली फेरी मागून घेतली. तशी सोय प्रत्येक विद्यापीठात नाही.