उघडे दार, अज्ञात धनी

बिटकॉइनच्या जाळ्यात नव्याने येणाऱ्या संगणकास साखळीची संपूर्ण प्रत कोणा अपरिचिताकडूनच घ्यावी लागते, आणि ती देण्यासाठी जे नोड ८३३३ क्रमांकाचे पोर्ट अहोरात्र उघडे ठेवतात, त्यांच्या मालकांचा आयपी पत्ता त्या परोपकारापायी सर्वांच्या दृष्टीस पडतो. असा नोड स्वतः चालवू लागल्यापासून मी त्याच्या जोडण्यांची यादी नित्य न्याहाळीत आलो आहे. १० जोडण्या नोड आपण होऊन करतो. उरलेल्या, एकूण १२५ च्या मर्यादेपर्यंत, बाहेरून येतात, आणि त्यांत काहीही न देता केवळ ऐकत राहणारी मंडळीही असतात.

ऐकणाऱ्यास पत्ता ठाऊक असतोच. त्याला हवा असतो तो अमुक व्यवहार प्रथम कोणाच्या तोंडून निघाला याचा दाखला. हजारो नोडांशी जोडणी करून प्रत्येक वार्ता कोणत्या क्षणी कोठून आली याची जो नोंद ठेवतो, त्याला उगमाचा अंदाज बांधता येतो. सबब बिटकॉइन कोअर हे नोडचे सॉफ्टवेअर व्यवहाराची वार्ता तत्काळ सांगत नाही. स्वतः निवडलेल्या सोबत्यांना सरासरी २ आणि बाहेरून आलेल्यांना सरासरी ५ सेकंदांच्या, पण दर खेपेस यदृच्छेने बदलणाऱ्या अंतराने ती सांगते. या योजनेतील मला अत्यंत मार्मिक वाटणारा भाग असा की, एका जाळ्यावरून (सामान्य इंटरनेट किंवा ओळख झाकणारे टॉर) आत आलेल्या सर्वांसाठी घटिका एकच असते, त्यामुळे अनेक जोडण्या करून बसलेल्या हेराला वेळेविषयी एका जोडणीहून अधिक काही कळत नाही.

पुष्कळ मालक सामान्य पत्त्याबरोबर टॉरवरचा ५६ अक्षरी पत्ताही ठेवतात आणि आपण झाकले गेलो असे समजतात. परंतु इतर नोडांचे पत्ते मागणाऱ्यास नोड एका वेळी कमाल १००० पत्ते, त्यांच्या कालनोंदींसह, पाठवतो. दोन्हीकडून मिळालेल्या याद्यांची रुजवात घालून त्या नोंदी जुळल्या, की दोन्ही पत्त्यांचा धनी एकच असल्याचा संशय बळावतो. कोअरच्या ०.२१ या आवृत्तीपासून असे उत्तर सुमारे दिवसभर तेच, आणि निरनिराळ्या जाळ्यांसाठी निराळे ठेवण्याची तजवीज झाली. तिने ही छाननी अवघड केली, अशक्य नव्हे. २०२४ मधील २७.० पासून जोडण्या कूटबद्ध करण्याची सोय मूळ मांडणीतच आली. मार्गात निमूट कान देणाऱ्यापुढे ती उपयोगी पडते, जोडणी करून समोर बसलेल्यापुढे नाही.

म्हणून ज्याला नोड सर्वांसाठी खुला ठेवायचा आहे, त्याने स्वतःचे व्यवहार त्यातून प्रसृत करूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. वॉलेटची प्रसारणाची मुभा काढून घ्यावी आणि स्वाक्षरी झालेला व्यवहार टॉरमार्गे दुसऱ्याच नोडच्या हवाली करावा. कारण आपला व्यवहार साखळीत नोंदला गेला नाही, तर वॉलेट तो कालांतराने पुनःपुन्हा सांगत राहते, आणि परक्याच्या व्यवहाराची इतकी काळजी कोणी वाहत नाही.

जोडणाऱ्यांचे आयपी पत्ते नोडच्या रोजनिशीत लिहिण्याचा पर्याय मूळ मांडणीत बंद असतो, आणि मी तो बंदच ठेवला आहे. यंत्र उद्या चोरीस गेले, तरी त्या दप्तरातून कोण कोण येऊन गेले याचा उलगडा होऊ नये.